रोबोचा बेस तिरका जातोय म्हणून ड्राइव्ह (चाकांची रचना) बदलायच्या आधी हे बघा

दरवर्षी रोबोकॉनच्या, म्हणजे कॉलेजांच्या रोबो स्पर्धेच्या, आधी महिना-दीड महिना उरला की ज्युनियर्सचा फोन येतोच. "दादा, बेस सरळ जातच नाहीये, साइडला चालवला की गोल फिरायला लागतो, मेकॅनम काढून ओम्नी टाकू का?" आणि दरवर्षी मी एकच विचारतो, चारही चाकं जमिनीला टेकतायत का बघितलं? पलीकडे थोडा वेळ शांतता, मग "टेकतायत की, दिसतायत ना." दिसतायत! इथेच सगळा राडा आहे म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो, पुढच्या वर्षी फोन आला की हेच पाठवेन.

आधी आमचाच पोपट कसा झाला ते सांगतो. पहिल्या वर्षी मेकॅनम होतं, म्हणजे कडेला तिरपे रोलर असलेली चाकं, तिरकं जायचं. सगळ्यांचं एकमत की मेकॅनमच भंगार. दुसऱ्या वर्षी चार ओम्नी (कडेला आडवे रोलर असलेली, साइडलाही सरकणारी चाकं) ४५ अंशात लावून एक्स ड्राइव्ह केला, नवीन चाकं, नवीन फ्रेम, नवीन कोड, आणि तोही तिरका जायचा. तिसऱ्या वर्षी तर एकजण म्हणाला आता स्वर्व्हच करू (प्रत्येक चाक स्वतःच्या मोटरने हव्या त्या दिशेला वळतं), त्याचं एक मोड्यूल बनलं, दुसरं अर्धं बनलं, मग परीक्षा आल्या आणि ते कपाटात गेलं. शेवटी जुना मेकॅनम बाहेर काढला आणि लॅबमधले सर सहज येऊन बेसच्या एका कोपऱ्यावर बोट दाबून गेले तर बेस टेबलसारखा डुगडुगला. तीन वर्षं, तीन ड्राइव्ह, फ्रेम मात्र एकाच जिगवर (वेल्ड करताना फ्रेम धरून ठेवणारा साचा) वेल्ड केलेली आणि ते जिगच पिळलेलं. चाकांना उगाच शिव्या घातल्या आम्ही.

तर सुरुवात इथून करा. तिरका म्हणजे नक्की कसा तिरका? हे कुणी लिहूनच ठेवत नाही. लांबच लांब मास्किंग टेपची सरळ रेघ मारा जमिनीवर, बेस त्यावर ठेवा, पुढे चालवा, मागे चालवा, उजवीकडे, डावीकडे, प्रत्येकी पाच वेळा, आणि दरवेळी किती आणि कुठे सरकला ते वहीत. पाचही वेळा साधारण तेवढंच आणि त्याच बाजूला सरकत असेल तर ती पक्की चूक आहे, मेकॅनिकल किंवा वायरिंगची, आणि ती सापडते. दरवेळी वेगळंच होत असेल तर काहीतरी ढिलं आहे किंवा चाक घसरतंय किंवा एन्कोडरचे (चाकाचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचे) काउंट गळतायत. सकाळी बरा आणि दुपारी वाईट असेल तर बॅटरी. पुढे-मागे मस्त पण फक्त साइडला जाताना फिरत असेल तर नव्वद टक्के… जाऊ दे, टक्के नको, मी आजवर जेवढे बेस बघितले त्यात बहुतेक वेळा चाकांवर वजन सारखं येत नव्हतं.

आता कागदाची टेस्ट. ए-फोर कागदाच्या पट्ट्या घ्या, सपाट जागी बेस ठेवा, म्हणजे खरंच सपाट हं, कॉलेजच्या कॉरिडॉरमधली फरशी सपाट नसते, वर्कशॉपमधलं सरफेस प्लेट मोकळं मिळालं तर उत्तम. प्रत्येक चाकाखाली एकेक पट्टी आणि ओढून बघा. तीन चाकांखालची घट्ट आणि एकाखालची सुळकन निघाली की झालं, चोर सापडला. मेकॅनममध्ये रोलरची जागा बदलेल तसं थोडं वरखाली होतं त्यामुळे चाक थोडं फिरवून दोन-तीनदा करा.

कागदावर समाधान झालं नाही तर वजनकाटा आणा, बाथरूममधला डिजिटल चालतो. पण इथे सगळे एक चूक करतात, काटा एकाच चाकाखाली ठेवतात आणि बाकीची तीन जमिनीवर. अरे मग काट्याच्या जाडीएवढं ते चाक वर गेलं ना, जे काही वजन येईल ते खोटं. बाकी तिन्ही चाकांखाली काट्याएवढ्याच जाडीचे प्लायचे तुकडे ठेवा. मग चारही आकडे लिहा. समजा २४ किलोचा बेस आहे आणि पुढचं डावं ८.५, मागचं उजवं ८, पुढचं उजवं ३.५, मागचं डावं ४ असं आलं. एका तिरप्या जोडीवर १६.५ आणि दुसऱ्या जोडीवर ७.५. हे फ्रेम पिळल्याचं लक्षण. याउलट पुढची दोन ८-८ आणि मागची दोन ४-४ आली तर दोन्ही तिरप्या जोड्यांची बेरीज १२-१२ येते, म्हणजे फ्रेम ठीक आहे, वजनच पुढे आहे, तुमचा तो थ्रोइंगचा आर्म पुढे लटकतोय. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत म्हणून हे आकडे लागतात, नुसतं "एक चाक हलकं आहे" म्हणून भागत नाही.

मेकॅनमला याचा एवढा त्रास का होतो तर त्याचं सगळं गणितच वजाबाकीवर आहे. रोलर ४५ अंशात, त्यामुळे प्रत्येक चाक जमिनीला तिरपं ढकलतं, चारही चाकांचे नको असलेले भाग एकमेकांना मारतात आणि हवी ती दिशा उरते. सत्तरच्या दशकात स्वीडनच्या बेंग्ट इलॉनने हे चाक काढलं, त्याच्या मेकॅनम कंपनीवरूनच नाव पडलं, कल्पना जबरदस्त आहे यात वादच नाही. पण एक चाक हलकं पडलं, घसरलं, की त्याच्या वाट्याची वजाबाकी होत नाही आणि उरलेला धक्का बेसला फिरवतो. साधा टँक ड्राइव्ह (साधी चाकं, डावी-उजवी बाजू वेगळी चालवून वळणारा) असता तर हलकं चाक थोडं घसरून गप्प बसलं असतं, कळलंही नसतं. मेकॅनम चुगली करतं एवढंच. आर्म पुढे काढून साइडला जाताना तर बघाच, मागची चाकं हलकी होतात, घसरतात, बेसचा मागचा भाग मागे राहतो आणि उजवीकडे जाताना नाक उजवीकडेच वळतं. रोबो चालवणारा ड्रायव्हर म्हणतो कोड गंडलाय, कोडवाली म्हणते ड्रायव्हरचा अंगठा तिरका पडतो, आणि दोघांची भांडणं.

पिळलेल्या फ्रेमचं काय करायचं. बोल्टची फ्रेम असेल, म्हणजे ॲल्युमिनियम सेक्शन वगैरे, तर सगळे कोपऱ्यांचे बोल्ट ढिले करा, सरफेस प्लेटवर बेस ठेवा, वर साधारण मॅचमध्ये असतं तेवढं वजन ठेवा आणि मग आमनेसामने क्रमाने थोडे थोडे करत आवळा, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. अर्धं काम इथेच होतं. एमएसची वेल्डेड फ्रेम असेल तर ती उष्णतेने ओढली गेलेली असते, ती हातोड्याने सरळ करायच्या भानगडीत पडू नका, मोटर माउंटखाली शिम घाला. अर्धा किंवा एक मिलिमीटरचा पत्रा, नाहीतर सरळ वॉशर. पुढच्या वेळी वेल्ड करताना आधी चारही कोपरे नुसते टाके मारून घ्या, माप घ्या, मग पूर्ण वेल्ड. आणि कायमचा उपाय हवा असेल तर पुढची दोन चाकं एका आडव्या बीमवर घ्या आणि तो बीम मधोमध एका जाड बोल्टवर डोलता ठेवा, ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलसारखा. मग बेसला तीनच टेकू राहतात आणि तीन टेकू कधी डुगडुगत नाहीत, तिपाई कुठल्याही ओबडधोबड जमिनीवर नीट बसते तसंच. शंभर-दीडशे ग्रॅम वजन वाढेल पण रात्रीची झोप लागेल.

वजन सगळं ठीक आलं तर रोलरची दिशा बघा. हसू नका, होतं. मेकॅनममध्ये दोन डावी आणि दोन उजवी चाकं असतात, आम्हाला एकदा सेटमध्ये तीन एकसारखी आणि एकच वेगळं आलं होतं आणि ते लावून झाल्यावर, कोड लिहून झाल्यावर, तीन दिवसांनी कळलं. वरून बघितलं की चारही चाकांच्या वरच्या रोलरच्या रेघा मिळून इंग्रजी एक्स दिसला पाहिजे, म्हणजे मध्याकडे रोखलेल्या. उलट लावली तर वरून चौकट दिसते आणि मग जमिनीला टेकलेल्या रोलरचे धक्के सगळे बेसच्या मध्यातून जातात, बेस पुढेही जातो, साइडलाही जातो पण जागेवर फिरायला सांगितलं की नुसता थरथरतो. हे लक्षण दिसलं की कोडला हातही लावू नका, चाकं बदला. आणि प्रत्येक रोलर बोटाने फिरवून बघा, एक तरी अडकलेला निघतोच. केस, धागे, टेपचे तुकडे, लॅबमधली धूळ सगळं त्यात जाऊन बसतं. स्वस्तातल्या चाकांत रोलरचा बुश नसतो, प्लॅस्टिक थेट पिनवर फिरतं, तिथे हा त्रास जास्त.

मग ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला छोटा स्क्रू. या एवढ्याशा स्क्रूने जेवढे मॅच घालवलेत तेवढे दुसऱ्या कशानेच घालवले नसतील. हब (चाक मोटरच्या शाफ्टला जोडणारा तुकडा) शाफ्टवर ग्रब स्क्रूने धरलेलं असतं, शाफ्टला सपाट कट नसेल तर ते दोन-चार जोरदार रिव्हर्सनंतर घसरतंच, चाक फिरतं पण थोडं मागे राहून, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मार्कर घ्या, शाफ्टच्या तोंडावरून हबवर एक सलग रेघ ओढा. दहा मिनिटं प्रॅक्टिस करा आणि बघा रेघ तुटली का. तुटली असेल तर लेथवाल्या काकांकडून शाफ्टला फ्लॅट मारून घ्या, ग्रब स्क्रूला लॉकटाइट लावा, आणि स्क्रू फ्लॅटवरच बसतोय ना ते बघा. आटे गेले असतील तर नवीन हब, त्यात जुगाड करू नका, टेफ्लॉन टेप गुंडाळून चालवलेला हब मी बघितलाय आणि तो क्वालिफायरच्या मॅचमध्ये सुटतानाही बघितलाय.

शाफ्टचंच दुसरं, चाक मोटरच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर नुसतं लटकवलेलं असेल आणि बेस २५ किलोचा असेल तर शाफ्ट वाकतो, चाक वरून आत झुकतं, रोलर कडेवर घासतात. चाकाच्या बाहेरच्या बाजूलाही बेअरिंग द्या, ८ मिलिमीटर शाफ्टसाठीचे छोटे पिलो ब्लॉक पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात.

हे सगळं झालं की मग इलेक्ट्रिकलकडे या. इथे अदलाबदलीचा नियम, आणि तो क्रमानेच. समजा पुढचं उजवं चाक हळू वाटतंय. आधी मोटर ड्रायव्हरच्या (मोटरला करंट देणारा बोर्ड) दोन चॅनेलच्या मोटर वायरी आपसात बदला, दोन मिनिटांचं काम. हळूपणा दुसऱ्या चाकावर गेला तर ड्रायव्हर किंवा त्याचा सिग्नल दोषी. तिथेच राहिला तर मोटर किंवा तो कोपरा. मग मोटर बदला. मोटरबरोबर गेला तर मोटर, तिथेच राहिला तर मेकॅनिकल, परत वर जाऊन वाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची! आपली पोरं मोटर, ड्रायव्हर आणि कोड तिन्ही एकदम बदलतात, बेस नीट चालतो, आणि मग नक्की काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही, तो बिघडलेला ड्रायव्हर "चांगले" लिहिलेल्या डब्यात परत जातो.

मोटरवर ३०० आरपीएम लिहिलं म्हणजे ३०० असं काही नसतं. बेस उचलून ठोकळ्यावर ठेवा, चारही मोटरना तेवढाच पीडब्ल्यूएम (मोटरला किती जोर द्यायचा तो सिग्नल) द्या आणि टॅकोमीटरने मोजा, नसेल तर चाकाला टेप लावून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये मोजा. फरक येणारच. शिवाय अगदी कमी पीडब्ल्यूएमला एक मोटर सुरू होते आणि दुसरी नुसती गुणगुणते, त्यामुळे हळू चालवताना बेस जास्त तिरका. यावर "उजव्या मोटरला ५ ने कमी देऊ" छाप औषध कोडमध्ये घालू नका. बॅटरी उतरली की तो ५ चुकतो, मग कोणीतरी त्याचा ८ करतो, आणि मॅचच्या दिवशी फुल चार्ज बॅटरीवर बेस उलट्या बाजूला पळतो. सहा सेलची लायपो पूर्ण भरलेली २५.२ व्होल्टची असते आणि नेहमीचा व्होल्टेज २२.२ म्हणतात, एवढ्या फरकात ओपन लूप (वेग न मोजता नुसता हुकूम देणं) टिकत नाही. चाकागणिक एन्कोडर आणि वेगाचा पीआयडी (मोजलेला वेग बघून मोटरला कमीजास्त देणारा कोड), याला पर्याय नाही.

एन्कोडरबद्दल वेगळा परिच्छेद लिहावाच लागेल कारण तिथेही दरवर्षी तेच. बाजारात मिळणारा ६०० पीपीआरचा (एका फेऱ्याला ६०० पल्स) ऑप्टिकल एन्कोडर घेतला की चारपट मोजणीने एका फेऱ्याला २४०० काउंट. त्यावर ५८ मिलिमीटरचं छोटं ओम्नी चाक लावून जमिनीवर फरफटत ठेवलं, तर एका फेऱ्यात १८२ मिलिमीटर, म्हणजे बेस सेकंदाला २ मीटर पळताना साधारण २६ हजार काउंट सेकंदाला. असे तीन एन्कोडर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७९ हजार इंटरप्ट (काउंट आला की प्रोसेसरचं चालू काम थांबवणारी हाक). अर्डुइनो मेगा बोर्ड १६ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे एका इंटरप्टला दोनशेच्या आसपासच क्लॉक सायकल येतात आणि त्यात तुम्ही डिजिटलरीड करताय, वर सिरीयलवर प्रिंटही मारताय. काउंट गळणार नाहीत तर काय होणार. हळू चालवलं की बरोबर आणि वेगात चुकीचं, हे याचं लक्षण. एसटीएम३२ च्या टायमरमध्ये एन्कोडर मोड असतो, ईएसपी३२ मध्ये पल्स काउंटर असतो, हार्डवेअर मोजतं, प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. ते वापरा. आणि काउंट अजिबातच येत नसतील तर पुल-अप रेझिस्टर लावलेत का ते बघा, हे एन्कोडर बहुतेक ओपन कलेक्टर असतात, सिग्नल स्वतः वर ओढत नाहीत.

आयएमयू (बेस किती वळला ते मोजणारा सेन्सर) लावून हेडिंग (बेसच्या तोंडाची दिशा) धरली तर बराचसा तिरकेपणा झाकला जातो, आणि हो, मी मुद्दामच झाकला जातो म्हणतोय. चाक हवेत असताना हेडिंग लूप लावला तर बेस सरळ जाईल पण झटके मारत, मोटरी गरम होतील. आधी मेकॅनिकल, मग आयएमयू. एमपीयू६०५० या आयएमयूला स्वतःचा होकायंत्रासारखा संदर्भ नसतो, हेडिंग हळूहळू सरकतच राहते, ऑन केल्यावर ऑफसेट घेत असताना कोणी बेसला धक्का दिला तर पूर्ण मॅच वाकडी. बीएनओ०५५ घेतला तर मॅग्नेटोमीटर बंद ठेवणारा मोड वापरा, चार मोटरींच्या मधोमध चुंबक शोधत बसण्यात अर्थ नाही.

पॉवरचं थोडक्यात. जोरात दिशा बदलली की कंट्रोलर रीसेट होतो किंवा ब्लूटूथ तुटतं, तर लॉजिकला वेगळी छोटी बॅटरी द्या, ग्राउंड मात्र एकत्र. झालं.

आता इतकं सगळं करूनही तुम्हाला ड्राइव्ह बदलायचाच असेल, किंवा नवीन सीझनला पाटी कोरी असेल, तर माझं मत सांगतो. पहिला प्रश्न कुठलं चाक भारी हा नाहीच, त्या वर्षीची थीम, म्हणजे स्पर्धेतला खेळ, काय मागते हा आहे. २००८ ला पुण्यातच आंतरराष्ट्रीय फेरी झाली होती तेव्हा थीम गोविंदाची, दहीहंडीची होती, २०२२ ला दिल्लीत लगोरी आली, २०१९ ला मंगोलियाच्या थीममध्ये तर एक रोबो चार पायांवर चालवायचा होता, आणि २०२५ ला उलानबातरला बास्केटबॉल. यातल्या प्रत्येकाला बेसकडून वेगळं काहीतरी हवं. जागेवर अचूक उभं राहायचं, की समोरच्याची ढकलाढकली सोसायची, की नुसतं लांब पळायचं. रूलबुक आलं की आधी हे तीन प्रश्न फळ्यावर लिहा आणि मग चाकांचे कॅटलॉग उघडा. रूलबुकात मैदानाचं मटेरियल दिलेलं असतं तेही वाचा आणि त्याचाच एक तुकडा आणून त्यावर प्रॅक्टिस करा, लॅबच्या गुळगुळीत फरशीवर सेट केलेलं ट्यूनिंग रंगवलेल्या प्लायवर चालत नाही.

नवीन टीम असेल, लेथ-मिलिंग हाताशी नसेल तर माझं मत तीन ओम्नी, १२० अंशात. लोक नाकं मुरडतात पण तीन चाकं कायम जमिनीवर असतात, वर लिहिलेला अर्धा लेख तुम्हाला लागूच होत नाही. तीनच मोटरी, तीनच ड्रायव्हर. वाईट काय, तर टेकूचा त्रिकोण लहान, उंच आर्म कोपऱ्याबाहेर झुकला की बेस कलंडतो, आणि ढकलाढकलीत मागे सरकतो. आर्म बुटका आणि वजन खाली असेल तर बिनधास्त घ्या.

चार ओम्नीचा एक्स ड्राइव्ह पुढे जाताना चाकाच्या वेगाच्या १.४१ पट पळतो, फुकटचा वेग म्हणून पोरं खूश होतात, पण फुकट काही नसतं, ढकलायची ताकद तेवढ्याच प्रमाणात कमी होते. आणि चार चाकं असल्यामुळे हवेत चाक राहायचं दुखणं जसंच्या तसं. मेकॅनमवरून याच्यावर उडी मारून आम्ही हेच शिकलो.

मेकॅनम मला अजूनही आवडतं, चौकोनी बेस, मोटरी सरळ लागतात, फ्रेम बनवायला सोपी. साइडला जाताना रोलरच्या घर्षणाने थोडा हळू होतो आणि तिरपा जाताना दोनच चाकं काम करतात, हे धरून चला. टँक ड्राइव्ह म्हणजे सहा साधी रबरी चाकं आणि मधली जोडी ३ मिलिमीटर खाली, हा ढकलाढकलीत कुणाला ऐकत नाही, पण आपल्या थीममध्ये साइडला सरकून ऐन जागी उभं राहायला लागतं म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. चार चाकी लांबट टँक केला आणि वळतच नाही अशी तक्रार असेल तर एका टोकाची दोन चाकं ओम्नी करा, सुटेल.

स्वर्व्ह. यावर मला भांडायचंय. आठ मोटरी, आठ ड्रायव्हर चॅनेल, चार ॲब्सोल्यूट एन्कोडर, आणि सगळे जण व्हिडिओ बघून प्रेमात पडतात. स्वर्व्ह चांगलाच आहे, चारही चाकांची पूर्ण पकड हव्या त्या दिशेला मिळते, पण तो मे महिन्याच्या सुट्टीत सुरू करायचा प्रकार आहे, जानेवारीत नाही. एएस५६०० चिप स्वस्त मिळते म्हणून चार आणल्या तर चौघींचा आयटूसी पत्ता (त्याच वायरींवर चिपला हाक मारायचा नंबर) एकच, मध्ये मल्टिप्लेक्सर घालावा लागतो, हे कळेपर्यंत एक आठवडा जातो. मग स्टीअरिंगच्या गिअरमध्ये खेळ, मग वायरी पिळून तुटणं. एक मोड्यूल आधी बनवा, फळीला लावून दोनशे फेऱ्या मारा, टिकलं तरच उरलेली तीन.

आणि आरपीएम. "जास्त फास्ट मोटर घेऊया" हे वाक्य दर मीटिंगला. समजा रोबोला ४ मीटर जाऊन थांबायचंय आणि पकड अशी आहे की सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद एवढाच वेग वाढवता येतो. टॉप स्पीड २ असेल तर एक सेकंद वेग घ्यायला, एक सेकंद पळायला, एक थांबायला, एकूण ३ सेकंद. आता मोटर बदलून टॉप स्पीड ३ केला तर बेस ३ पर्यंत पोचतच नाही, २.८३ ला ब्रेक मारावा लागतो आणि वेळ लागतो २.८३ सेकंद. दीडपट वेगवान मोटरने वाचले सेकंदाचे साधारण सतरा शतांश, आणि त्यासाठी टॉर्क (फिरवायची ताकद) घालवला. २० किलोच्या बेसला एवढा वेग वाढवायला ४० न्यूटन लागतात, चार चाकांत वाटले तर प्रत्येकी १०, आणि १५२ मिलिमीटरच्या चाकावर ते मोटरकडे साडेसात-आठ किलो-सेंटिमीटर होतात, घर्षण सोडून. मोटरच्या स्टॉल टॉर्कच्या (मोटर अडवून धरल्यावरचा टॉर्क) पाव ते तिसऱ्या हिश्श्यात हा आकडा बसला पाहिजे नाहीतर गरम होणार. १५२ चं चाक आणि ३०० आरपीएम म्हणजे बिनलोड २.३९ मीटर प्रति सेकंद, आपल्या मैदानाला पुरतं, मी तरी याच्या वर जाणार नाही.

स्पर्धेला पंधरा दिवस उरलेत आणि बेस तिरका जातोय, अशा वेळी हे वाचत असाल तर मोटर, चाकं, ड्राइव्ह काहीच बदलू नका. आज रात्री काटा आणि कागद, उद्या बोल्ट ढिले करून परत आवळणं आणि शिम, परवा सगळ्या हबवर मार्करच्या रेघा. चौथ्या दिवशी टेपवर परत पाच-पाच फेऱ्या मारून आधीच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. तरीही तिरका असेल तर ते आकडे आणि चारही चाकांची वजनं लिहून पाठवा, नुसतं "दादा तिरका जातोय" म्हणून फोन करू नका.